वाचक विचारतात : चाळिसाव्या वर्षी पाटी धरलेला रब्बी

गेल्या अंकात प्रौढ वयातल्या शिक्षणावर लिहिताना रब्बी अकीवा या प्राचीन ज्यू पंडिताचा उल्लेख मी एकाच ओळीत केला होता. चाळिसाव्या वर्षापर्यंत ज्याला अक्षरओळख नव्हती, त्या मेंढपाळाने पुढे आपल्या धर्माचे शास्त्र लावून दिले, एवढीच ती ओळ. तिच्यावर खानापूर, निपाणी, चिकोडी आणि बेळगाव शहरातून जी पत्रे आली, त्यांतील सहांना या वेळी उत्तर देत आहे. पत्रांतला प्रश्नापुरता मजकूर ठेवला आहे. नावे, या सदराच्या रिवाजाप्रमाणे, छापलेली नाहीत.

खानापूर तालुक्यातील एक शेतकरी वाचक लिहितात : "स. न. वि. वि. माझे शिक्षण मराठी सातवीपर्यंत झाले. शेताचा उतारा कन्नडमध्ये असतो, दर वेळी दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागतो, म्हणून चौपन्नाव्या वर्षी नातीच्या पाटीवर कन्नड अक्षरे गिरवायला घेतली आहेत. घरचे हसतात. आपण लिहिलेला अकीवा खरोखर होऊन गेला, की ती मुलांना सांगायची गोष्ट आहे?"

अकीवा खरोखर होऊन गेला, याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. तुकारामाला आपण ज्या जवळिकीने एकेरीत हाक मारतो, त्याच जवळिकीने मीही येथे एकेरी वापरत आहे. त्याचे पूर्ण नाव अकीवा बेन योसेफ, म्हणजे योसेफचा मुलगा अकीवा. जन्म इ. स. 50 च्या सुमाराचा आणि मृत्यू 135 च्या सुमाराचा धरतात. इ. स. 70 मध्ये रोमन सैन्याने यरुशलेम जिंकून तेथील मंदिर जाळले, तेव्हा तो तरुण होता. बळी, अर्पणे, सणांच्या वाऱ्या असे सगळे आचार ज्या धर्माने एका मंदिराभोवती बांधलेले होते, तो धर्म त्या उन्हाळ्यात मंदिरावाचून उरला, आणि पूर्वी पुरोहित वेदीपाशी जे सांभाळत होते ते आता पंडितांना शब्दांनी सांभाळावे लागले. या पंडितांना रब्बी म्हणत. त्या शब्दाचा अर्थ 'माझे गुरुजी' एवढाच आहे.

राहिली गोष्ट. अकीवाचे सलग चरित्र त्याच्या काळात कोणी लिहिलेले नाही. इ. स. 200 च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या ग्रंथात त्याची मते सापडतात, पण आयुष्य जवळजवळ सापडत नाही. आयुष्यातले प्रसंग येतात ते मुख्यतः तालमुदात, म्हणजे मिश्नावरील चर्चांच्या मोठ्या संग्रहात, आणि तशाच इतर संकलनांत. त्यांतला यरुशलेमी तालमूद इ. स. 400 च्या आसपासचा आहे आणि बाबिलोनी तालमूद त्याहूनही शे-दीडशे वर्षांनी उशिराचा. तेव्हा संतचरित्रे वाचताना आपण जी सवलत देतो, ती येथेही द्यावी. चाळीस वर्षे अडाणी, चाळीस वर्षे शिक्षण, चाळीस वर्षे अध्यापन आणि एकशे विसाव्या वर्षी मृत्यू, हा हिशेब उघडच ज्यूंना शास्त्र देणाऱ्या मोशेच्या आयुष्याच्या साच्यात बसवलेला आहे. मात्र तो गरिबीतून आला, उशिरा शिकला आणि त्याच्यामागे नाव घेण्याजोगे घराणे नव्हते, हे इतक्या निरनिराळ्या ठिकाणी येते की ते मला विश्वसनीय वाटते. पंडितसभेचे प्रमुखपद रिकामे झाले असता, अकीवा विद्वान खरा, पण त्याला पूर्वजांची पुण्याई नाही, म्हणून ते पद दुसऱ्याला दिले गेले, असे तालमूद स्वतःच नोंदवतो. थोर माणसाची केवळ स्तुतीच रचायची असती, तर हा प्रसंग कोणी मुद्दाम घातला नसता.

आता तुमच्या पाटीविषयी, कारण तुम्हाला हव्या असलेल्या प्रसंगात पाटीच आहे. एकदा विहिरीपाशी उभा असताना अकीवाला एक खोलगट झालेला दगड दिसला. हा कोणी कोरला, असे त्याने विचारले. रोज पडणाऱ्या पाण्याने, असे उत्तर मिळाले. मऊ पाणी कठीण दगडाला खाच पाडते, तर शास्त्राचे शब्द माझ्या मनात, जे मांसाचेच आहे, का उतरणार नाहीत, असा विचार त्याने केला. कणकुंबीजवळ उगम पावणाऱ्या मलप्रभेच्या पात्रातले गुळगुळीत धोंडे तुम्ही लहानपणापासून पाहत आला आहात, किंवा जुन्या आडाच्या काठाला सोलाने पडलेल्या खाचा तरी पाहिल्या असतील, त्यामुळे हा दृष्टान्त तुम्हाला फोडून सांगायला नको. मला त्याच्या पुढचे वाक्य अधिक आवडते. अकीवा आपल्या मुलाला घेऊन लहान मुलांच्या पंतोजीकडे गेला आणि म्हणाला, गुरुजी, मला शिकवा. मग पाटीचे एक टोक अकीवाने धरले आणि दुसरे टोक मुलाने धरले, आणि पंतोजींनी पहिली दोन अक्षरे लिहून दिली.

तो दिवसाला लाकडाची एक मोळी आणी. अर्धी विकून पोट भरी आणि अर्धी जाळून तिच्या उजेडात वाची. शेजारी धुराला कंटाळले आणि म्हणाले की, ही लाकडे आम्हाला वीक आणि त्या पैशांत दिव्याला तेल घे. त्यावर त्याचे उत्तर असे की, या लाकडांच्या उजेडात मी वाचतो, यांच्या ऊबेत बसतो आणि यांच्यावरच निजतो. तेलाने मला यांतले एकच मिळेल. अडाणी असतानाच्या आपल्या मनःस्थितीविषयीही त्याने पुढे काही झाकून ठेवले नाही. त्या काळी एखादा पंडित माझ्या हाती सापडता तर मी त्याला गाढवासारखा चावलो असतो, असे तो शिष्यांना सांगे. कुत्र्यासारखा म्हणा ना, असे शिष्य म्हणाले, तेव्हा तो म्हणाला की कुत्रा चावतो पण हाड मोडत नाही, गाढव चावले की हाडही मोडते. शिकलेल्या माणसाविषयी न शिकलेल्याच्या मनात जो राग साचतो, त्याची इतकी प्रामाणिक कबुली पंडितांच्या ग्रंथांत क्वचितच सापडते. घरच्यांचे हसणे मनावर घेऊ नये.

निपाणीहून एक वाचक भगिनी विचारतात : "मी पलटणीतल्या माणसाची बायको. बेळगावच्या मराठा रेजिमेंटमध्ये मालकांची भरती झाली आणि लग्नानंतरची बरीच वर्षे वाट पाहण्यातच गेली. अकीवाने बायकोला चोवीस वर्षे सोडून विद्या केली, असे मी कोठेतरी वाचले. विद्येचा मान त्याला मिळाला. तिला काय मिळाले?"

आपला प्रश्न टोचणारा आहे आणि तो टोचलाच पाहिजे. बाबिलोनी तालमुदातली कथा आधी सांगतो. यरुशलेममध्ये कल्बा सावुआ नावाचा मोठा धनिक होता आणि अकीवा त्याची मेंढरे राखीत असे. मालकाच्या मुलीने, जिचे नाव परंपरा राहेल असे सांगते, या गड्याचा सालसपणा हेरला आणि त्याला विचारले की, मी तुझ्याशी लग्न केले तर तू विद्या शिकायला जाशील का. तो हो म्हणाला आणि दोघांनी गुपचूप विवाह ठरवला. बापाला कळले तेव्हा त्याने तिला घराबाहेर काढले आणि आपल्या संपत्तीतला कणही तिला मिळू नये अशी शपथ घेतली. हिवाळ्यात ती दोघे गवताच्या कोठीत निजत. तिच्या केसांत अडकलेल्या काड्या काढताना तो म्हणाला, माझ्याकडे असते तर मी तुला 'सोन्याचे यरुशलेम' घातले असते. यरुशलेम नगरीचा आकार असलेला तो सोन्याचा दागिना होता. तेवढ्यात दारात कोणी गवत मागायला आला. बायको बाळंत झाली आहे आणि अंथरायला काही नाही, असे म्हणाला. पाहा, ज्यांच्याकडे गवतही नाही अशी माणसेही आहेत, असे अकीवा तिला म्हणाला. तो याचक म्हणजे वेषांतर केलेला संदेष्टा एलिया होता, असे कथा सांगते. यानंतरच तिने त्याला शिकायला धाडले.

बारा वर्षांनी तो बारा हजार शिष्यांसह परतला. दाराशी पोचतो तोच त्याने ऐकले की एक म्हातारा तिला म्हणतो आहे, जिवंत नवऱ्याची विधवा होऊन किती दिवस बसणार. तिने उत्तर दिले, माझे ऐकत असता तर तो आणखी बारा वर्षे तिकडेच राहिला असता. अकीवा उंबरा न ओलांडता मागे फिरला. चोवीस वर्षांनी, चोवीस हजार शिष्यांसह आला, तेव्हा ती गर्दीतून पुढे येऊन त्याच्या पायाशी वाकली. शिष्य तिला बाजूला ढकलू लागले. तो म्हणाला, तिला सोडा. माझे जे आहे आणि तुमचे जे आहे, ते तिचे आहे.

हे वाक्य सुंदर आहे, परंतु आपल्या प्रश्नाचे उत्तर त्याने पूर्ण होत नाही, हे मान्य करतो. उंबऱ्यापर्यंत येऊन मागे फिरलेला नवरा मलाही पटलेला नाही. तिने जे उदारपणे म्हटले, ते आज्ञा मानून त्याने सोय पाहिली, असे कोणी म्हटले तर मी वाद घालणार नाही. दिलासा असा की, दुसऱ्या एका प्राचीन संकलनात हा काळ चोवीस नव्हे, तेरा वर्षांचा आहे, आणि बारा-बाराचे हे आकडे गोष्टीतले आकडे आहेत. पण मला महत्त्वाचे वाटते ते यरुशलेमी तालमुदातले एक लहान टिपण. पुढे चांगले दिवस आल्यावर अकीवाने बायकोसाठी तो सोन्याचा दागिना खरोखर घडवला. तो पाहून पंडितसभेच्या प्रमुखाच्या, रब्बान गमालिएलच्या, बायकोला हेवा वाटला आणि तिने नवऱ्यापाशी तक्रार केली. गमालिएल म्हणाला, तिने जे केले ते तू केले असतेस का? ती आपल्या केसांच्या वेण्या विकून त्याला पैसे देत होती आणि तो शिकत होता. गवताच्या काड्या ज्या केसांतून काढल्या तेच केस विकले गेले, असा या दोन ग्रंथांना जोडणारा धागा कोणी मुद्दाम विणला की आपोआप विणला गेला, कोण जाणे. परंतु त्या विद्येचा खर्च कोणी भरला, ही नोंद परंपरेने पुसली नाही.

बापाची समजूत कशी पटली तेही थोडक्यात लिहितो. गावात मोठा पंडित आला आहे असे ऐकून तो आपली शपथ मोडून घ्यायला, अनोळखीपणे, अकीवापाशीच गेला. नवरा विद्वान होणार हे माहीत असते तर शपथ घेतली असतीत का, असे अकीवाने विचारले. एक प्रकरण, अरे एक नियम जरी त्याला येत असता तरी घेतली नसती, असे तो म्हणाला. तो मीच, असे अकीवाने सांगितले. पुढे यांच्या मुलीनेही बेन अज्जाय नावाच्या पंडिताशी तसेच केले, आणि लोक म्हणू लागले, मेंढीमागे मेंढी. राहेल या नावाचा अर्थच मेंढी असा आहे.

बेळगाव शहापूरचे एक निवृत्त मराठी शिक्षक लिहितात : "कथा पुष्कळ ऐकल्या. त्याने शास्त्र 'लावून दिले' म्हणजे नेमके काय केले, ते समजावून सांगावे."

गुरुजी, हाच खरा प्रश्न आहे, आणि तो आपल्याकडून येणे साहजिक आहे. ज्यूंच्या परंपरेत लिखित शास्त्र म्हणजे तोरा, मोशेची पाच पुस्तके. त्याच्या जोडीला पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालत आलेले नियम, निवाडे आणि वाद होते, जे गुरूच्या तोंडून ऐकून पाठ करायचे असत. अकीवा शिकू लागला तेव्हा हे सगळे ढिगासारखे पडलेले होते. एका गुरूने शब्बाथाविषयी, म्हणजे शनिवारच्या विसाव्याच्या दिवसाविषयी, काही सांगितले, त्याच दमात शेतीच्या दशमांशाविषयी, मग घटस्फोटाविषयी. पुढे मिश्नाचे संकलन करणारा रब्बी येहुदा हन्नासी अकीवाला नीट लावलेले कोठार म्हणत असे, आणि त्याचा खुलासा त्याने एका मजुराच्या उपमेने केला आहे. मजूर टोपली घेऊन बाहेर पडतो. गहू मिळाला की टोपलीत टाकतो, जव मिळाले की टाकतो, घेवडा मिळाला, मसूर मिळाली, टाकतो. घरी आल्यावर मात्र गहू वेगळा करतो, जव वेगळे करतो, घेवडा वेगळा, मसूर वेगळी. अकीवाने तोंडी विद्येचे असे केले. सुगीत खळ्यावर ज्यांनी भाताच्या आणि जोंधळ्याच्या राशी वेगळ्या लावल्या आहेत, त्यांना या कामाची किंमत वेगळी सांगायला नको. अकीवाने विषयवार रचलेले त्याचा शिष्य रब्बी मेईर याने पुढे चालवले आणि त्याच आधारावर सहा भाग आणि 63 प्रकरणग्रंथ असलेली मिश्ना उभी राहिली. मिश्नात जेथे कोणाचे नाव नसते तेथे ते मत मेईरचे समजावे, आणि हे सगळे मुळात अकीवाच्या पद्धतीप्रमाणे, असे तालमूद सांगतो.

राशी लावल्या, एवढ्यावर तो थांबला नाही. या तोंडी नियमांचा आधार लिखित शब्दांत दाखवायचा, हे त्याने आपले दुसरे काम मानले, आणि येथे तो अट्टाहासाला पोचतो. शास्त्रात एकही अक्षर उगाच आलेले नाही, असे त्याचे गृहीत होते. हिब्रूत 'एत' नावाचा एक शब्द आहे. त्याला स्वतःचा अर्थ नाही. आपण 'रामाला पाहिले' म्हणताना जो 'ला' लावतो, जवळजवळ तेच काम तो करतो. त्या काळी एका अभ्यासकाने तोरातल्या प्रत्येक 'एत'मधून काही ना काही जादा अर्थ काढायला घेतला होता. चालता चालता 'परमेश्वराचे भय धर' या वाक्यातला 'एत' आला. परमेश्वराच्या जोडीला आणखी कोणाचे भय धरायचे? तो थांबला आणि त्याने आपले आयुष्यभराचे काम सोडून दिले. आणि मागचे सगळे वाया जाणार का, असे शिष्यांनी विचारल्यावर म्हणाला, अर्थ काढल्याचे जसे पुण्य मिळाले तसेच सोडून दिल्याचेही मिळेल. मग अकीवा आला आणि त्याने सांगितले, तो 'एत' पंडितांसाठी आहे. परमेश्वराबरोबर विद्वानांचाही धाक धरावा. गाढवासारखा चावायला निघालेल्या माणसाने हा अर्थ लावला, याची गंमत वाटल्याशिवाय राहत नाही. सोडून देणाऱ्या त्या अभ्यासकाविषयी मला मात्र अधिक आदर आहे.

अकीवाचा समकालीन रब्बी इश्माएल याला ही पद्धत मान्य नव्हती. शास्त्र माणसांच्या भाषेत बोलते, असे तो म्हणे; म्हणजे माणसे बोलताना जशी द्विरुक्ती करतात तशी शास्त्रातही असते, प्रत्येकीतून नियम काढायचा नसतो. आपण वर्गात कविता शिकवताना या दोन्ही जातींचे विद्यार्थी पाहिले असतील. परंपरेने दोघांनाही ठेवून घेतले, आणि अकीवाच्या पद्धतीवरची सर्वांत मार्मिक टीप एका कथेत ठेवली. मोशे वर स्वर्गात जातो, तेव्हा देव शास्त्राच्या अक्षरांना लहान लहान मुकुट चढवीत बसलेला असतो. हे कशासाठी, असे मोशे विचारतो. पुष्कळ पिढ्यांनी अकीवा नावाचा एक माणूस होईल आणि या प्रत्येक टोकातून नियमांच्या राशी काढील, असे देव सांगतो. मोशे त्याला पाहायला मागतो आणि अकीवाच्या वर्गात आठव्या रांगेमागे जाऊन बसतो. चर्चेतले त्याला काहीच कळत नाही आणि त्याचा धीर खचतो. तेवढ्यात एक शिष्य विचारतो, गुरुजी, हे कशावरून? अकीवा म्हणतो, हा सीनाय पर्वतावर मोशेला मिळालेला नियम आहे. तेव्हा मोशेचा जीव भांड्यात पडतो. मूळ ग्रंथकार भाष्यकाराच्या वर्गात मागच्या बाकावर बसला आहे आणि त्याला काही उमगत नाही, हे दृश्य भाष्यकारांच्याच परंपरेने रचावे, यावरून त्या परंपरेला स्वतःकडे हसून पाहता येत होते हे दिसते. कथेचा शेवट हसण्यासारखा नाही. याचे फळ काय, असे मोशे विचारतो, आणि त्याला बाजारात अकीवाचे मांस तोलले जाताना दिसते. ही विद्या आणि हे तिचे फळ, असे तो ओरडतो. गप्प राहा, माझ्या मनात असे आले, एवढेच उत्तर मिळते.

शहरातील एका वकील वाचकांनी एकाच ओळीत विचारले आहे की, न्यायाच्या बाबतीत अकीवाचे मत काय होते. त्यांना येथेच उत्तर देतो. सात वर्षांत एकाला देहान्त शिक्षा देणारे न्यायमंडळ घातकी म्हणावे, असे मिश्नात आहे. सत्तर वर्षांत एकाला, असे दुसरे मत आहे. आणि अकीवा व त्याचा मित्र तार्फोन म्हणतात, आम्ही त्या मंडळात असतो तर कोणालाही कधीच ही शिक्षा झाली नसती. लगेच पुढे तिसऱ्या एका पंडिताचा टोला आहे की, मग यांनी देशात खुनी वाढवले असते. निकाल एकीकडे लागला तरी विरुद्ध मत खोडायचे नाही, ही त्या ग्रंथाची रीत आहे.

चिकोडीहून एक तरुण वाचक विचारतात : "एवढा मोठा पंडित रोमन सत्तेविरुद्धच्या लढ्यात कसा पडला? विद्वानाने राजकारणात पडावे का?"

सीमाभागातल्या वाचकाने हे विचारावे यात नवल नाही; आपल्याकडेही शाळामास्तर, वकील आणि संपादक यांना चळवळीपासून कधी दूर राहता आलेले नाही. इ. स. 132 मध्ये सम्राट हेड्रियनच्या काळात यहुदिया प्रांतात मोठा उठाव झाला. त्याच्या पुढाऱ्याचे नाव शिमोन बार कोसिबा. यहुदियाच्या वाळवंटातील गुहांत विसाव्या शतकात त्याची स्वतःची पत्रे सापडली, त्यांत हेच नाव आहे; एका पत्रात तर युद्धाच्या धामधुमीत सणासाठी लागणाऱ्या खजुराच्या फांद्या आणि लिंबाच्या जातीची फळे पाठवण्याची सूचना आहे. 'याकोबातून एक तारा निघेल' या शास्त्रवचनाचा आधार घेऊन अकीवाने त्याला बार कोखबा, म्हणजे ताऱ्याचा पुत्र, ठरवले आणि हाच ज्यू लोक ज्याची वाट पाहत होते तो, दाविदाच्या वंशातला अभिषिक्त राजा, असे जाहीर केले. अक्षराक्षरांतून अर्थ काढणाऱ्या माणसाने एका माणसाच्या नावातूनही अर्थ काढला, आणि तो चुकला. रब्बी योहानान बेन तोर्ता त्याला तेव्हाच म्हणाला, अकीवा, तुझ्या गालांवर गवत उगवेल तरी दाविदाचा पुत्र आलेला नसेल. इ. स. 135 मध्ये बेतार हा शेवटचा किल्ला पडला. रोमन इतिहासकार कास्सियस डियो मृतांचा आकडा 580000 आणि उद्ध्वस्त खेड्यांचा 985 असा देतो. प्रांताचे नावही बदलून टाकले गेले. पराभवानंतर लोक त्या पुढाऱ्याला बार कोजिबा, म्हणजे खोटेपणाचा पुत्र, म्हणू लागले.

विद्वानाने पडावे की नाही, याचा निवाडा मी देणार नाही. अकीवाची चूक आणि तिची चेष्टा या दोन्ही गोष्टी त्याच्याच शिष्यांच्या परंपरेने जपून ठेवल्या, हे मात्र आपण लक्षात घ्यावे. आपल्या गुरूंच्या बाबतीत इतका मोकळेपणा आपण दाखवतो का, हे ज्याने त्याने आपल्यापुरते पाहावे.

अकीवाला अटक झाली ती शास्त्र शिकवण्यावरची बंदी मोडल्याबद्दल, असे तालमूद सांगतो. पाप्पोस नावाच्या एकाने त्याला विचारले, सरकारची भीती वाटत नाही? अकीवाने गोष्ट सांगितली. कोल्ह्याने नदीतल्या माशांना विचारले, कशाला पळता? जाळ्यांना भिऊन, असे ते म्हणाले. मग वर कोरड्यावर या, आपण एकत्र राहू. मासे म्हणाले, तुला शहाणा म्हणतात तो तूच का? जगण्याच्या जागी भीती आहे, तर मरणाच्या जागी किती असेल? पुढे अकीवाला मारायला नेले ती सकाळच्या प्रार्थनेची वेळ होती. लोखंडी कंगव्यांनी त्याचे मांस ओरबाडले जात असताना तो शमा म्हणत होता: ऐक इस्राएला, परमेश्वर आमचा देव, परमेश्वर एक. गुरुजी, इथपर्यंत? असे शिष्यांनी विचारले. तो म्हणाला, 'सर्व जिवाने प्रीती कर' या शब्दांनी मला आयुष्यभर अस्वस्थ केले. हे कधी करायला मिळेल असे वाटे, आणि आता मिळाले तर करू नको? शेवटचा 'एक' हा शब्द त्याने लांबवला आणि त्यातच प्राण सोडला.

बेळगाव कॅम्पमधील एक वाचक भगिनी विचारतात : "आपल्या शनिवार तेल्यांना हा अकीवा माहीत होता का?"

कोकणातले शनिवार तेली, म्हणजे बेने इस्राएल हे मराठी ज्यू, घाण्यावर तेल गाळणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे लोक. गावावरून पडलेली 'कर'कारान्त आडनावे, मराठी बोली आणि पोहे, खोबरे, गूळ-साखर घालून केलेला मलिदा यांत ते इतके मिसळलेले होते की ग्रंथ, हिब्रू भाषा आणि पंडितांची नावे त्यांच्याकडून शतकानुशतके हरवलेलीच होती. शब्बाथ, सुंता आणि काही सण त्यांच्याकडे उरले होते, आणि प्रार्थनेतली जी एक ओळ उरली होती ती शमा. म्हणजे अकीवाचे नाव त्यांना ठाऊक नव्हते, पण त्याच्या ओठांवरचे शेवटचे शब्द ठाऊक होते. गवत मागायला आलेला तो एलियाही त्यांच्याकडे एलियाहू हन्नाबी म्हणून घरोघर पूज्य होता आणि मलिदा त्याच्याच नावाने होतो. एकोणिसाव्या शतकात त्यांनी हिब्रू ग्रंथ मराठीत आणले आणि शास्त्रातल्या कथांवर मराठी कीर्तनेही केली.

वल्हांडण या ज्यू सणाच्या रात्री घरात वाचायची पोथी, हग्गादा, मराठी भाषांतरासह मुंबईत 1846 मध्ये आणि पुण्यात 1874 मध्ये छापली गेली. त्या पोथीत एक जुना प्रसंग आहे. अकीवाची पाठशाळा जेथे होती त्या बने ब्राक गावी एलिएजर, येहोशुआ, एलाजार, अकीवा आणि तार्फोन हे पाच पंडित वल्हांडणाच्या रात्री बसून मिसर देशातून झालेल्या सुटकेची गोष्ट सांगत होते. सांगता सांगता रात्र कशी सरली ते त्यांना कळले नाही. शेवटी शिष्य आत आले आणि म्हणाले, गुरुजी, सकाळच्या शमाची वेळ झाली.